गाऱ्हाण्याचा नवा भाग

"आमच्या फोटूंका एवढी तहान कित्याक लागता ओ साहेब?"

मी विचारलं आणि शाळेच्या वर्गात जमलेला अख्खा गाव खो खो हसला. मेहेंदळे साहेबही हसले. पुण्याहून आलेला कंपनीचा माणूस, मऊ बोलणारा, कपाळावरचा घाम घडीच्या रुमालानं टिपणारा. टेबलावर त्यांनी काचेच्या पेटीत आमच्या सड्याचा, गावावरच्या कातळी पठाराचा, देखावा मांडला होता. पांढऱ्या लांबलचक इमारती, मधून काळे रस्ते आणि कडेनं माड. आमच्या सड्यावर कातळ फोडल्याशिवाय मेथीची काडी उगवत नाही आणि यांनी माड लावून ठेवले होते. ते बघूनच माझं डोकं फिरलं होतं.

"ताई, डाटा सेंटर म्हणजे एक गोदामच समजा," ते म्हणाले. "तुम्ही मोबाईलवर फोटो पाठवता, बँकेचे व्यवहार करता, ते सगळं कुठेतरी साठवावं लागतं. हजारो यंत्रं सतत चालतात. चालली की तापतात, तापली की गार करावी लागतात."

"आनि गार करूक पानी."

"काही प्रमाणात."

"ता प्रमाण केवढा? आनि पानी खंयसून हाडतलास?"

साहेबांनी पुन्हा रुमाल काढला. "ते अजून नियोजनाच्या टप्प्यात आहे, ताई."

आमच्या झरवडे गावाचे दोन भाग. वरची वाडी सड्याच्या काठावर, रस्त्याला लागून. खालची वाडी घाटी उतरून, बागायतीत. माझं माहेर वरच्या वाडीत आणि सासर खालच्या. पावसाळाभर सडा पाणी पितो आणि मग डोंगराच्या पोटातल्या आमच्या झरीतून ते वैशाखापर्यंत थोडं थोडं सोडत राहतो. त्या झरीचा पाट सगळ्या पोफळींतून फिरतो. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी घर दाखवायच्या आधी मला पाट दाखवला होता. पलीकडच्या गावात एका चिरेखाणवाल्यानं सड्यावर बोअर मारली, तर दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांची झर मेली. पोफळी शेंड्याकडून वाळत गेल्या. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणून साहेब गेल्यावर रवळनाथाच्या देवळात गाव बसला आणि ठरलं. कंपनीशी आमचं वैर नाही. सड्याची जमीन गावाची सामाईक, ती द्यायलाही हरकत नाही. पण सड्यावर एकही बोअर मारायची नाही. पाणी हवं तर धरणावरून पाईप घालून आणा. हे साहेब कबूल करत नाहीत तोवर, महिन्याअखेरीस सरकारी अधिकारी लोकांच्या हरकती ऐकायला येतील तेव्हा, गावाचं उत्तर एकच. नाही.

"सुगंधा बोलात आमच्या वतीन," गावातले सगळ्यात वडीलधारे गुणाजी आजे म्हणाले. "तिच्या जिभेक हाड नाय. एकदा तरी गावाच्या कामाक येवंदे."

सगळे हसले. मग एकेकानं 'मान्य' म्हटलं. माझ्या भावाची पाळी आली तेव्हा तो खांबाला टेकून उभा होता.

"ब... ब... बरोबर आसा," अंतू म्हणाला.

कुणी हसलं नाही. त्याच्या अडखळण्याची गावाला सवय होती.

अंतू माझा धाकटा भाऊ. आम्ही घाडी. रवळनाथासमोर गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान् पिढ्या आमच्या घरात. जत्रा असो, पेरणी असो, कुणाची नवी गाडी असो की कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसो, घाडी हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला गाव एका आवाजात उत्तर देतो: व्हय म्हाराजा! वडील गेले तेव्हा अंतू शाळकरी होता आणि स्वतःचं नाव सांगायला त्याला घाम फुटायचा. लोक म्हणाले, हा कसला गाऱ्हाणं घालतोय. मला मात्र वडिलांचं ऐकून ऐकून सगळं गाऱ्हाणं तोंडपाठ होतं. बाईमाणसानं ते घालायची रीत नाही, म्हणून मी त्याला शिकवलं. मागीलदारी बसवून, ताल धरून. आणि गंमत अशी की, पाठ झालेल्या शब्दांत तो कधीच अडखळायचा नाही. देवासमोर उभा राहिला की नदीसारखा वाहायचा.

अडचण असायची ती फक्त नव्या भागाची. जुनं गाऱ्हाणं ठरलेलं असतं, पण त्या दिवसाचं कारण दर वेळी वेगळं. ते मधे घालावं लागतं. तिथं अंतू अडायचा. म्हणून कुठलंही नवं गाऱ्हाणं असलं की आदल्या दिवशी तिन्हीसांजेला तो घाटी उतरून माझ्याकडे यायचा. मी गुळाचा कोरा चहा टाकायची आणि नवा भाग त्याच्याकडून घोटून घ्यायची. तरीही देवळात अडलाच, तर मी बायकांच्या बाजूच्या पहिल्या खांबाला टेकून बसलेली असायची. पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. तो माझ्याकडे न बघता ते उचलायचा. गावाला हे ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल कधी बोललं नाही.

बैठकीनंतर चार-सहा दिवसांनी मेहेंदळे साहेब पुन्हा आले. या वेळी देखावा नव्हता, नारळ होता.

"सुनावणीच्या आधी तुमच्या ग्रामदेवतेचा आशीर्वाद घ्यावा म्हणतो," ते गुणाजी आज्यांना म्हणाले. "निर्णय काय व्हायचा तो होऊ दे. आम्ही पाहुणे आहोत, देवाला नारळ ठेवल्याशिवाय पुढे जाणं बरं दिसत नाही."

हे ऐकून आजे विरघळले. खरं तर सगळेच. नारळ घेऊन आलेल्याला आमच्याकडे कुणी परत पाठवत नाही. दावा लावलेला भाऊबंद आला तरी त्याच्या नावानं गाऱ्हाणं घालतात. शुक्रवार ठरला. साहेबांना आमची रीत कुणी एवढी नीट समजावली, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण पुण्याची माणसं, असतील विचारून आली, असं म्हणून मी तो सोडून दिला.

गुरुवारी तिन्हीसांजेला मी चहाचं आधण ठेवलं. अंतू आला नाही. मी घाटीच्या तोंडापर्यंत जाऊन बघून आले. आधण आटलं, मी पुन्हा पाणी घातलं.

"आज तुजो विद्यार्थी खंय रवलो?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"येतलो. नवो भाग आसा उद्या. कंपनीचा नाव घेवचा लागतला. तेका ता 'कंपनी' म्हणूकच जमणा नाय."

"आता नातवंडा इली तेका. किती दीस शिकवतलंस?" असं म्हणून हे हातपाय धुवायला गेले.

शुक्रवारी सगळा गाव देवळात होता. साहेब सोवळ्यासारखं पांढरं धोतर नेसून आले होते, त्याचंच आमच्या बायकांना कोण कौतुक. त्यांच्याबरोबरचा एक माणूस तिकाटण्यावर कॅमेरा लावून उभा राहिला. हल्ली लग्नामुंजीत काय, सगळीकडेच कॅमेरा असतो, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मी माझ्या खांबाला टेकून बसले. हा काल आला नाही आणि आता नेमका कॅमेऱ्यासमोर अडणार.

अंतूनं नारळावर हात ठेवला, डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज तुजी लेकरा तुज्या पायाकडे गोळा झाली आसत रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

ज्यानं हे कधी ऐकलं नसेल त्याला कसं सांगू? वाक्य संपायच्या आत उत्तर तोंडात तयार असतं. घाड्याचा आवाज वर चढतो, 'रे'वर येतो, आणि गावाचा आवाज त्याला खालून उचलून धरतो. त्यात कान कमी आणि छाती जास्त असते. लहान मूल आईच्या खांद्यावर झोपेतसुद्धा 'व्हय' म्हणतं.

जुना भाग संपला. नवा सुरू झाला. मी श्वास धरला आणि ओठ हलवायच्या तयारीत बसले. माझं लक्ष शब्दांकडे नव्हतंच. तो कुठं अडतो, एवढ्याचीच मी वाट बघत होते. तो अडला नाही. एक वाक्य गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा! 'कंपनी' शब्द लोण्यातून सुरी जावी तसा गेला. माझे डोळे भरून आले. पोर आज माझ्याशिवाय तरून गेला, असं वाटलं. शेजारच्या बाईला मी कोपरानं ढोसलं आणि म्हटलं, "बगलंस माजो भाव?"

नंतर खोबऱ्याचा प्रसाद वाटला. मी अंतूच्या हातावर तुकडा ठेवला आणि म्हटलं, "काल इलंस नाय तो? मी आधण ठेवन बसललंय." तो दुसरीकडे बघत म्हणाला, "का... काम होता." प्रसाद त्यानं तोंडात टाकला नाही, खिशात ठेवला.

सुनावणी शाळेच्या मैदानात झाली. मांडव, खुर्च्या, पंखे, मधोमध टेबलापाशी अधिकारी बाई. चांगल्या होत्या. परप्रांतातून आलेल्या दिसत होत्या, पण मराठी स्वच्छ बोलत होत्या. बोलणाऱ्यांत माझं नाव पहिलं होतं. मी घडीचं लुगडं नेसले होते आणि काय बोलायचं ते पाट सोडताना, भांडी घासताना मनात पन्नास वेळा म्हणून झालं होतं.

"हरकती ऐकण्याआधी," मेहेंदळे साहेब उठून म्हणाले, "एक छोटीशी चित्रफीत दाखवायची परवानगी द्यावी."

पडद्यावर आमचं देऊळ दिसलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग अंतू दिसला, नारळावर हात, डोळे मिटलेले. ध्वनी इतका स्वच्छ होता की समईची वात तडतडलेली ऐकू येत होती. खाली, साहेबांसारख्यांना कळावं म्हणून, त्याच्या बोलण्याचा पुस्तकी मराठीत अर्थ उमटत होता.

"ह्या पाहुण्यांच्या कंपनीन सड्यावर जो काय उद्योग मांडलो हा, तेका लागात ती जमीन आमी गावकरी राजीखुशीन देतांव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" पडद्यावरचा गाव गरजला.

"जमनीच्या पोटातला लागात ता पानी, लागात तितक्या, आमी देतांव. तेची तू साक्ष ठेव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आनि ह्या कामात जो कोन आडवो येयत, तो घरचो आसो नायतर भायरचो, तेका बाजूक कर रे म्हाराजा..."

आणि कॅमेरा बायकांकडे वळला. पहिल्या खांबाला टेकून मी बसले होते. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर असा आनंद की लेकाचं लग्न लागताना मला झाला नव्हता. तोंड उघडून मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

पडदा काळा झाला. मी वळून अंतूला शोधलं. तो शेवटच्या रांगेत होता, मान खाली.

"ग्रामस्थांनी आपल्या दैवतासमोर एकमुखानं दिलेली ही संमती आहे," साहेब म्हणाले आणि रुमालाला हातही न लावता खाली बसले.

अधिकारी बाईंनी समोर बघितलं. "चित्रफितीनं काही ठरत नाही. मला तुमचं म्हणणं तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. कुणाची हरकत असेल तर उभे राहा."

त्या बाईंनी दार सताड उघडलं होतं. पण कुणी उठेना. मी आजूबाजूला बघितलं. देवळात ठामपणे 'मान्य' म्हणालेले सगळे होते तिथं, आणि सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. शेवटी गुणाजी आजे काठी टेकत उठले. माझ्या जिवात जीव आला.

त्यांनी बाईंना हात जोडले. "बाईसायब, चुकून म्हणा, कसा म्हणा, देवासमोर 'व्हय' म्हटला. आता हंय येवन 'नाय' कसा म्हणतलंव? तो आयकता मा सगळा." एवढं बोलून ते बसले. म्हातारा रडत होता.

तेव्हा मला सगळं कळलं. सरकारला त्या चित्रफितीची काडीची किंमत नव्हती आणि हे साहेबांनाही माहीत होतं. ती दाखवली होती आम्हाला. देवासमोर दिलेला शब्द झरवडे मागे घेणार नाही, हे पुण्याच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? ते घरातलाच कुणीतरी सांगू शकतो.

मी उठले. "माजी हरकत आसा."

"पण ताई," बाई हळूच म्हणाल्या, "त्यात तुम्हीच होता ना?"

"मीच होतंय."

"मग तुम्ही हो म्हणालात ते काय होतं? न ऐकताच म्हणालात?"

"बाईसायब, गाऱ्हाणा घालणारो गावाच्या वतीन बोलता. तेचा तोंड म्हंजे आमचा तोंड. आपला स्वतःचा तोंड काय बोलता, ता कोन कान देवन आयकत बसता?"

त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. पन्नास वेळा घोकलेलं मला पुढं काहीच आठवेना. झरीचं म्हणाले, बोअरचं म्हणाले, पण शब्द तुटक येत होते. हरकत एक, सुगंधा धुरी. मांडवातून निघताना माझ्या स्वतःच्या वाडीतल्या बायकांनी मला वाट करून दिली आणि कुणी नजर दिली नाही. जो कोण आडवा येईल. त्यांनीही तेच ऐकलं होतं.

मी घरी गेले नाही, वरच्या वाडीत गेले. अंतू अंगणात, खळ्यात बसला होता. त्याची बायको वैजू मला बघून आत गेली.

"शिरा पडो तुज्या तोंडार," मी म्हटलं. "बोल आता."

त्यानं वर बघितलं आणि बोलायला लागला. "बाय, गावाच्या भल्यासाठी केलंय. रस्तो येतलो, दिवे येतले, पोरांका कामा मिळतली. काळ बदललो हा. काळावांगडा आपणाक पण बदलूक होया. पाण्याचा म्हणशीत तर कंपनी शास्त्रशुद्ध पद्धतीन—"

मी ऐकत राहिले. तो एकदाही अडला नाही. 'शास्त्रशुद्ध पद्धत' हे शब्द माझा भाऊ न थांबता बोलून गेला. त्याचा ताल मी ओळखला. तो मीच त्याला लहानपणी मांडीवर टाळी देऊन शिकवला होता.

"पाठ कोनी करून घेतला?" मी विचारलं.

तो घराच्या दाराकडे बघायला लागला.

"अंतू, ह्या तुजा नाय. कोनी करून घेतला पाठ?"

"मे... मेहेंदळेन. गा... गाडयेत बसवन."

"आनि गाऱ्हाण्याचो नवो भाग?"

"तो पण."

"शब्द कोनाचे? तेका आमची बोली खंय येता?"

त्यानं बोटानं जमीन कोरली. "श... शब्द माजे."

"'आडवो येयत, तो घरचो आसो', हे पण तुजेच?"

त्याचं जमीन कोरणारं बोट थांबलं.

"ता म्हणताना डोळ्यांपुढे कोन होता रे?"

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. अंतूचा चेहरा लाल झाला, मान ताठली. लहानपणी नाव सांगायचं असलं की व्हायची तशी. "तु... तुज्या पोफळींतसून पाट व्हावता, बाय. मा... माजी बायल तीस वर्सा घा... घाटयेन कळश्ये व्हाता. क... कंबर मोडली तिची. आमी सां... सांगलंव तेव्हा तुमी खालच्या वाडयेन काय केलास? ह... हसलास. व... वरच्या वाडयेच्या बायलांका टक्कल पडता म्हणान. ते... तेनी नळ दितंय म्हटलान. घराघराक नळ."

हे मात्र त्याचं स्वतःचं होतं. कळशा डोक्यावरून वाहून टक्कल पडतं, हा विनोद खालच्या वाडीत चालायचा, हेही खरं. हसलो असू आम्ही. मी त्याच्यापुढं उभी राहून विचार केला, हसणाऱ्याला मारायचं तर समोर येऊन मारावं. माझ्याच तोंडून मला मारायचं?

"नळ होयो होतो तर गावाक सांगूचा होता. माका सांगूचा होता. दर खेपेक येतंस तसो माज्याकडे कित्याक नाय इलंस?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"तु... तुज्याकडे इलंय असतंय," तो म्हणाला, "तर मा... माका ता बो... बोलूकच जमला नसता."

मी घाटी उतरले. ह्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कोयता भिंतीला लावला आणि एवढंच म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." मग पाट बघायला गेले. पाट भरून वाहत होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सड्यावर पांढऱ्या इमारती उभ्या आहेत, देखाव्यात होत्या तशाच, फक्त माड नाहीत. सतत एक घरघर खालपर्यंत येते. पाहुण्यांना ती ऐकू येते, आम्हाला आता येत नाही. गावातल्या पाच-सहा जणांना फाटकावर पहाऱ्याचं काम मिळालं. बोअर किती मारल्या ते कुणी सांगत नाही. झर पहिल्यांदा चैत्रात आटली, मग फाल्गुनात, हल्ली माघातच बारीक होते. आमच्या पोफळी शेंड्याकडून वाळल्या. ह्यांनी त्या स्वतः तोडल्या, माणूस लावला नाही. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

वरच्या वाडीत नळ आले. साहेबांनी शब्द पाळला. उन्हाळ्यात आता आम्ही खालच्या वाडीच्या बायका कळशा घेऊन घाटी चढतो. मीही चढते, तहानेला कसला मान. वैजू नळ सोडून देते आणि आत निघून जाते. तिची कंबर बरी आहे म्हणतात.

पण गावात एक गोष्ट बदलली आहे, ती बाहेरच्याला कळायची नाही. जत्रेला आलेले पाहुणे म्हणतात, तुमच्या गावची माणसं जरा मंद दिसतात.

रवळनाथाची जत्रा असते. अंतू नारळावर हात ठेवतो. मान त्याचाच आहे, तो काढून कुणाला देणार? "बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..." आणि गाव थांबतो. वाक्य पूर्ण होऊ देतो. काय म्हणाला ते मनात एकदा तपासतो. कुणी शेजाऱ्याकडे बघतो. मग इथून एक, तिथून एक, फाटका आवाज येतो. व्हय म्हाराजा. आया मुलांना सांगतात, आयक आधी, मगे बोल.

त्या थांबण्यात अंतू अडखळायला लागला आहे. जुन्या, पाठ असलेल्या भागातसुद्धा. खालून उचलून धरणारा आवाज वेळेवर येत नाही आणि त्याचा पाय चुकतो. गेल्या जत्रेत तो अगदी शेवटच्या वाक्यावर अडला. "तुज्या लेकरांका, तेंच्या गुराढोरांका, सां... सां..." घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं डोळे उघडले आणि पहिल्या खांबाकडे बघितलं. पूर्वी तो कधी बघायचा नाही.

मी तिथंच बसलेली असते. शब्द साधा आहे, माझ्या ओठांवर आहे, सगळ्या गावाला पाठ आहे. सांभाळ.

मी ओठ मिटून देवाकडे बघत राहिले.